वेडी बेरीज

१० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार आणि खुशाली शेवटी लिहिते, आधी बातमी. मी बुडाले.

काल अकराचा चहा पिऊन जागेवर येते तो काय, पगाराचा प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर लाल चौकट आणि तिच्यात एकच वाक्य : फाइल खराब झाली आहे. प्रोग्रॅम बंद करून उघडला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोन चापट्याही मारल्या. काही नाही. आणि ही फाइल म्हणजे सगळा डेटाबेस! कामावरची आणि पेन्शनवरची मिळून सप्टेंबरच्या पत्रकावर चारशे अडतीस माणसं होती. त्यांचे बिल्ला नंबर, हजेरी, ओव्हरटाइम, रजा, हप्ते, सगळं त्या एका फाइलच्या पोटात. बांधणी खात्यात आलेल्या नव्या बाईंचं नाव (बिल्ला ७०२) मी त्यात आठवड्यापूर्वी घातलं होतं, तेव्हा सगळं सुरळीत होतं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. निदान बॅकअप तरी असावा म्हणून घाईघाईने ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, आणि ती नेमकी तिथल्या चांगल्या फाइलच्या उरावर. आता आपल्याकडे एका खराब फाइलच्या दोन खराब प्रती आहेत.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "एकतीस तारखेला या कारखान्यात पगार झाला नाही असं बावीस वर्षांत घडलेलं नाही. या वेळी घडलं, तर पगाराचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, आणि तुम्ही दुसरीकडे काम शोधा." आत्या, सहा वर्षांपूर्वी तू ही खुर्ची माझ्या हवाली केलीस, तेव्हा हिच्या गादीतल्या स्प्रिंगची तेवढी तक्रार मी केली होती. आता स्प्रिंगसकट ती माझीच राहावी असं वाटतंय.

सगळे म्हणतात, वायरमनने काल मेन स्विच ओढला म्हणून झालं. असेलही.

फोन केला असता, पण तुझ्याबरोबर तुझे कानही रिटायर झालेत. तेव्हा परतटपाली लिही. काय करू?

तुझी,
भिंगरी


१२ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, पण आधी एक चिमटा. चापट्या कॉम्प्युटरला मारल्यास ना? जिला मारायला हव्या होत्या ती खुर्चीत बसली होती.

आता रडणं पुरे. फाइल मोडली म्हणजे तिच्यातलं सगळं गेलं असं नाही. कपाट कलंडलं तर आतल्या वस्तू विस्कटतात, नाहीशा होत नाहीत. मला प्रोग्रॅममधलं पुढचं कळत नाही, पण तो बसवणारा माणूस माझ्यासमोर तीन महिने बसत होता आणि मी त्याला रोज छळत होते, तेव्हा एवढं पक्कं शिकले आहे : मोडलेल्या फाइलला थेट हात लावायचा नाही. तिची एक प्रत काढ, मूळ फाइल पेनड्राइव्हसकट लोखंडी कपाटात कुलपात ठेव, आणि दुरुस्तीचे सगळे खेळ त्या प्रतीवर कर. प्रत बिघडली तर दुसरी काढता येते.

त्याच प्रोग्रॅमबरोबर दुरुस्तीचा एक लहान प्रोग्रॅम आला होता. तो शोध आणि चालव. पण तो "झालं" म्हणाला की लगेच उड्या मारू नकोस. दुरुस्त करणारे सगळे "झालं" म्हणतात. माझ्या नळवाल्याने तीनदा म्हटलंय आणि बादली अजून नळाखालीच आहे.

आणि साहेबांना घाबरू नकोस. ते हाताखालचे कारकून होते तेव्हा त्यांची हजेरी मी लावायची.

तुझी आत्या


१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

झालं! तुझ्या नळवाल्यासारखं नाही, खरंच झालं!

तू सांगितलंस तसं केलं. मूळ फाइल कुलपात, प्रत टेबलावर. दुरुस्तीचा प्रोग्रॅम जुन्या सीडींच्या खोक्यात सापडला. तीन तास तो चक्र फिरवत बसला आणि मी नखं खात बसले. शेवटी हिरवी चौकट आली : दुरुस्ती यशस्वी. फाइल उघडली. नावं दिसली. मी मोजली. चारशे अडतीस! सप्टेंबरमध्येही चारशे अडतीस होती. एकही माणूस इकडचा तिकडे नाही. मी उठून साहेबांच्या खोलीपर्यंत चालत गेले असं शिपाई म्हणतो, मला तर पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही. साहेबांनी स्वतःच्या किटलीतला चहा दिला.

वायरमनचं मात्र वाईट झालं. साहेब म्हणाले, फाइल वाचली तरी चूक ती चूकच. त्याचं कंत्राट एकतीस तारखेला संपवणार आहेत. तो बिचारा सांगत होता, "साहेब, मी जेवणाचा भोंगा होईपर्यंत थांबलो. सगळे जागेवरून उठल्यावरच स्विच ओढला." साहेब ऐकेनात. मी कप विसळून जागेवर आले.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट. पगारपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाला एक आकडा छापून येतो. त्याच्यापुढे ना नाव, ना रकमेची खूण. मी इतकी वर्षं त्याला पानाचा नंबर समजत होते. सप्टेंबरमध्ये तो १,५३,२६२ होता. आता कच्चं पत्रक छापलं तर १,५३,७७७ आला. तो काय आहे? काढून टाकला तर चालेल का? पान उगाच भरल्यासारखं दिसतं.

तुझी (जिंकलेली),
भिंगरी


१७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

तो आकडा काढलास तर मी पहिल्या बसने येऊन तुझे कान उपटीन.

ती वेडी बेरीज आहे. पत्रकावर जेवढी माणसं, त्या सगळ्यांचे बिल्ला नंबर एकाखाली एक मांडून केलेली बेरीज. तिला काही अर्थ नाही. चौदा नंबरचा माणूस आणि पंधरा नंबरची बाई मिळून एकोणतीस नंबरचं कुणी होत नाही. मी ही बेरीज दर महिन्याला हाताने करायची तेव्हा सगळं ऑफिस हसायचं. प्रोग्रॅम आला तेव्हा मी त्या माणसाला म्हटलं, बाकी तुला हवं ते कर, पण माझी वेडी बेरीज तळाला छापून आली पाहिजे. त्याने ती छापली, पण तिला नाव द्यायची त्याला लाज वाटली असावी.

आता तिचा उपयोग बघ. तू डोकी मोजलीस आणि नाचलीस. अगं, डोकी तितकीच कशी? सप्टेंबरमध्ये चारशे अडतीस, त्यात बांधणीतली नवी बाई आली, म्हणजे निदान चारशे एकोणचाळीस हवीत. एक कुणीतरी गळलं आहे. कोण, तेही ती बेरीजच सांगते. बेरीज ५१५ ने वाढली. नवी बाई ७०२ नंबरची. सातशे दोनातून पाचशे पंधरा वजा कर. उरले एकशे सत्याऐंशी. मला कागदही लागला नाही.

१८७ म्हणजे आपला भट्टीवाला. एकतीस वर्षं त्या धगीसमोर उभा राहिला, चार वर्षांपूर्वी पेन्शनवर गेला. तुझ्या "यशस्वी" दुरुस्तीने या महिन्यात त्याला एक पैसा मिळाला नसता, आणि तू साहेबांचा चहा पीत बसली असतीस.

आता दुसरी गोष्ट. ही लिहिताना मला बरं वाटत नाही. चारशे माणसांतून मोडतोड नेमकी एकाच नंबरावर व्हावी, हे मला पटत नाही. आणि तुझ्या पहिल्या पत्रात तू अकराचा चहा पिऊन आलीस तेव्हाच फाइल उघडत नव्हती. दुसऱ्या पत्रात वायरमनने स्विच ओढला तो जेवणाच्या भोंग्यानंतर. तो भोंगा एकला होतो, माझ्या वेळेपासून. एकला गेलेल्या लाइटने अकराला फाइल कशी बिघडवली?

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तू "असेलही" असं लिहिलंस ना, तेव्हाच माझ्या डोळ्याला ते खुपलं होतं. एकशे सत्याऐंशीचं तू काय केलंस? खरं लिही. मी रागावले तरी पत्रातूनच रागावणार, दोन दिवस उशिरा.

तुझी आत्या


१९ ऑक्टोबर

आत्या,

पत्र वाचून मी जिन्यावर बसले. पाचावर धारण बसते म्हणजे काय ते कळलं.

सगळं सांगते. भट्टीवाले काकांची मुलगी एक तारखेपासून साचे खात्यात लागली. त्या खात्यातली पहिली बाई. हात असा चालतो की जुने मिस्त्री काम थांबवून बघतात. नऊ तारखेला सकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला बाबांचा बिल्ला द्याल? १८७. त्यांना सांगितलेलं नाही. पहिल्या पगाराची पावती त्यांच्या हातात ठेवीन, तेव्हा नंबर बघतील."

आपल्याकडे आई-बापाचा नंबर मुलांना मिळतो ही रीत तुला माहीतच आहे. पण तो माणूस आपल्या कागदांतून पूर्ण गेल्यावर. काका पेन्शनवर आहेत, म्हणजे कागदांत आहेत, हे मला कळत होतं. पण ती इतक्या आशेने उभी होती की माझ्या तोंडून "बघते" निघून गेलं.

प्रोग्रॅमने नंबर घेतला नाही. म्हणाला, हा आधीच दिलेला आहे. तेव्हा मी मागच्या दाराने आत गेले. एक नंबर एकाच माणसाला, हा जो नियम फाइलमध्ये आहे, तो मी काढला, तिचं नाव घातलं, आणि नियम परत लावायला गेले. तो लागेना. लागणार कसा? एकाच नंबराची दोन माणसं आत बसलेली! मी तीन-चारदा जबरदस्ती केली, मध्येच प्रोग्रॅम अडकला, मी तो तसाच बंद केला आणि चहाला गेले. परत आले तर लाल चौकट.

म्हणजे फाइल मी मोडली. वायरमनने नाही. आणि दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने एका नंबराची दोन माणसं बघून दोघांनाही बाहेर फेकलं. काकांनाही आणि मुलीलाही. चारशे चाळीस हवी होती, उरली चारशे अडतीस, आणि मी मूर्ख, जुना आकडा जुळला म्हणून नाचले. ती मुलगी आठवतच नव्हती असं नाही गं. आठवायची नव्हती.

दहा दिवस गप्प बसले. सगळे एका सुरात वायरमन म्हणत होते आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. ते फार सोपं होतं. आता साहेबांना सांगितलं, तर एकतीस तारखेची वाट बघायचीही गरज नाही, त्याच दिवशी घरी. नाही सांगितलं, तर वायरमन घरी. त्याला दोन मुली आहेत.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी तू म्हण.

भिंगरी


२४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. काल पोस्टमनला थांबवून दोनदा विचारलं. तू रागावली आहेस, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तुझी वाट न बघता जे केलं ते कळवते.

वीस तारखेला सकाळी साहेबांकडे गेले. बसा म्हणाले, बसले नाही. सगळं सांगितलं, अकराच्या चहासकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही हे आज का सांगताय? फाइल तर दुरुस्त झाली होती."

"झाली नव्हती," मी म्हटलं. "दोन माणसं त्यात नाहीत. आणि वायरमनचा काही दोष नाही."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "एकतीसपर्यंत काम करा. पण मी तुमच्या भरवशावर राहणार नाही. दुसरी व्यवस्था बघतो. आजच पत्र टाकतो." म्हणजे ती बाहेरची कंपनी. मी मान हलवली आणि बाहेर आले. विचित्र म्हणजे, त्या दिवशी दुपारी मला दहा दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.

मग वायरमनकडे गेले. तो शिडीवर होता. खालूनच सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. त्या दिवशी अकराला मी तुमच्या खिडकीबाहेरच्या खांबावर होतो. तुम्ही 'मेले, मेले' म्हणून ओरडलात ते ऐकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

आत्या, मला कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

आता कामाचं. दुरुस्त केलेल्या फाइलवर ठिगळ लावायचं नाही असं ठरवलं. नवी कोरी फाइल उघडली. नियम सगळ्यात आधी लावला : एक नंबर, एकच माणूस. मग जुन्या फाइलमधली माणसं खात्या-खात्याने नव्या फाइलमध्ये आणली. भट्टी, साचे, तपासणी, बांधणी, गेट, पेन्शन. प्रत्येक खात्यानंतर तुझी वेडी बेरीज हाताने केली आणि सप्टेंबरच्या पत्रकाशी ताडून पाहिली. बाहेर फेकलेली दोन्ही नावं दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने एका कोपऱ्यात भंगारात टाकली होती, तिथे सापडली. काकांची जन्मतारीख गायब, मुलीचं अर्धं नाव गायब, पण सापडली.

काकांना १८७, मुलीला नवा नंबर ७०३. त्याआधी तिला बोलावून सांगावं लागलं. ती हिरमुसली, आणि मग म्हणाली, "बाबांची पेन्शन जाणार होती? माझ्यामुळे?" दुसऱ्या दिवशी काका स्वतःच दारात. काठी आपटत. "मी मेलो का? सांग, मी मेलो का? जित्या माणसाचा नंबर वाटायला काढलात!" सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मुलगी मागून ओढतेय, काका हलत नाहीत. मी त्यांना नवी फाइल दाखवली. १८७ पुढे त्यांचं नाव. चष्मा नाकावर खाली सरकवून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पोरीकडे वळून म्हणाले, "तुझा कितवा?" ती म्हणाली, सातशे तीन. "बरा आहे. आता तो असा गाजव की तुझ्या पोरांनी मागितला पाहिजे." आणि निघून गेले.

आज चारला कच्चं पत्रक काढलं. माणसं चारशे चाळीस. सप्टेंबरची बेरीज १,५३,२६२, अधिक ७०२, अधिक ७०३, म्हणजे यायला हवी १,५४,६६७. तळाला काय छापून आलं असेल? १,५४,६६७!

नोकरी राहील की नाही माहीत नाही. पण फाइल उभी राहिली आहे. रागावलेली असलीस तरी दोन ओळी लिही.

भिंगरी


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

रागावलेली नाही. सर्दी झाली होती.

तुझं पत्र आज आलं आणि मी ते उभ्यानेच वाचलं. साहेबांसमोर बसली नाहीस, हे छान केलंस. खात्या-खात्याने बेरीज करायची युक्ती मला तीस वर्षांत सुचली नव्हती. ती माझी म्हणून कुणाला सांगितलीस तर याद राख, तुझी आहे, तुझीच सांग.

पण अजून काम संपलेलं नाही, आणि दिवस पाचच आहेत. वेडी बेरीज वेडी आहे हे विसरू नकोस. कोण आहे आणि कोण नाही, एवढंच तिला कळतं. एकाचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या नावावर चढला, तर ती खुशाल जुळेल. मोडलेल्या फाइलमधून आणलेलं सगळं एकदा माणसांच्या नजरेखालून गेलं पाहिजे. आणि आपल्या पगाराची पावती माणूस जशी वाचतो तशी कुणी ऑडिटरही वाचत नाही. आपल्या लोकांच्या जुन्या पावत्या डब्यांत, पाकिटांत, कपाटाच्या कागदाखाली असतात. त्या बाहेर काढायला लाव. लाजू नकोस. चूक सांगून झालीच आहे, आता मदत मागायला कसली लाज?

तुझी आत्या


१ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आज रविवार आहे, कारखाना बंद आहे, माझा आवाज बसला आहे, आणि मी इतकी खूश आहे की शेजारीण विचारून गेली, लॉटरी लागली का!

तुझं पत्र अठ्ठावीसला मिळालं. त्याच दिवशी गेटवर कागद लावला : उद्या दुपारी कँटीनमध्ये सप्टेंबरची पावती घेऊन या, पगाराच्या फाइलमध्ये माझ्या हातून मोडतोड झाली आहे, तपासायला मदत करा. खाली सही केली. शिपाई म्हणाला, "'माझ्या हातून' हे खोडा, 'काही कारणाने' लिहा." मी नाही खोडलं.

एकोणतीसला प्रत्येकाची ऑक्टोबरची कच्ची पावती छापून टेबलांवर खात्याप्रमाणे ठेवली. पेन्शनवाल्यांपैकी जे लांब राहतात त्यांच्या आदल्या महिन्याच्या पावत्यांच्या प्रती मी स्वतः घेऊन बसले. भट्टीवरच्या लोकांना जागा सोडता येत नाही, म्हणून वायरमनने भोंग्याच्या कर्ण्याला माइक जोडून दिला आणि भट्टीपाशी दुसरा माइक ठेवला. मग मी एकेक नंबर पुकारायला सुरुवात केली. नंबर ऐकला की त्या माणसाने दोन्ही पावत्या शेजारी धरून बघायच्या आणि "बरोबर" किंवा "चूक" सांगायचं.

पहिले पाच-सहा जण संकोचले. मग रंग चढला. "बरोबर!" "बरोबर!" "बरोबर, पण वाढवलात तर चालेल!" तपासणीतल्या बायका ताल धरून म्हणायला लागल्या. एकाने सांगितलं, "माझा पगार दुप्पट होता, निम्मा गेला." त्याच्या बायकोनेच मागून टपली मारली, कारण पावती तिच्या पर्समध्ये होती.

आणि चुका सापडल्या, आत्या! तीन. भट्टीवरच्या दोघा भावांचा ओव्हरटाइम अदलाबदल झाला होता, आणि गेटवरच्या एका माणसाच्या नऊ रजा शून्यावर आल्या होत्या. तुझी वेडी बेरीज यांतली एकही पकडू शकली नसती. त्या माणसांनी पकडल्या. चार तासांत चारशे चाळीस. शेवटचा नंबर सातशे तीन, हातात एकच, नवी पावती. साचे खात्याच्या टेबलावरून ती मुलगी एवढ्या जोरात "बरोबर" म्हणाली की कर्णा किंचाळला.

एकतीसला सकाळी दहा वाजता मी बटण दाबलं. साडेदहाला बँकेतून निरोप आला, सगळं जमा. अकराला खिडकीबाहेर गलका सुरू झाला. लोक मोबाइल वर धरून एकमेकांना दाखवत होते. भोंग्याची वेळ नव्हती, तरी कुणीतरी भोंगा वाजवला. कुणी ते वायरमनला विचारू नये असं मला वाटतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. वायरमनचं कंत्राट संपवायचा कागद माझ्यासमोर फाडला. मग म्हणाले, "तुमचा दोन दिवसांचा पगार कापणार आहे. नियम मोडलात म्हणून."

"हो, साहेब."

"आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला या. ती खात्या-खात्याची बेरीज काय ती मला शिकवा. दर महिन्याला मी ती बघून सही करणार."

मी विचारलं, "आणि ती दुसरी व्यवस्था?"

ते हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. "तिने नकार कळवलाय," म्हणाले. कुठली कंपनी होती कोण जाणे, पण जी कुणी होती तिचं भलं होवो.

आत्या, नोकरी राहिली. माझी राहिली! तुझे पाय धरते, लांबून.

तुझी,
भिंगरी


३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र आज तीनदा वाचलं. शेजारच्या शिंपिणीलाही वाचून दाखवलं. तिला डेटाबेस म्हणजे काय ते कळत नाही, पण "कर्णा किंचाळला" ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आधीच आलं होतं. मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य तू लहान असताना पुरेसं वेळा म्हटलं नाही, म्हणून आता लिहून देते.

आता माझीही एक गोष्ट सांगते. तू सगळं सांगितलंस, मग मी लपवून ठेवणं बरं दिसत नाही. मला सर्दी झाली नव्हती.

बावीस तारखेला मला साहेबांचं पत्र आलं. ती दुसरी व्यवस्था म्हणजे कुठली कंपनी नव्हे, मी. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही परत या. तुम्हाला हाताने पगार काढता येतो. राहायची सोय करतो, पगार जुनाच देतो, भाचीला घरी पाठवतो." तुझं कबुलीचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं आणि त्याचं उत्तर मी अर्धं लिहिलं होतं. ते तसंच राहिलं.

खोटं कशाला बोलू? मी पिशवी भरली. दोन साड्या, चष्मा, औषधं. सहा वर्षं मी इथे खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरांच्या बेरजा करते आहे, भिंगरी. कुणीतरी "तुमच्याशिवाय अडलं आहे" म्हटलं आणि मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. मी मनाशी म्हणत होते, पोरगी चुकलीच आहे, खोटं बोललीच आहे, चारशे घरांचा प्रश्न आहे, मी गेले तर कुणाचंच वाईट होणार नाही. सगळं खरं होतं, आणि तरी आतून मला ठाऊक होतं की मी चारशे घरांसाठी नाही, स्वतःसाठी निघाले आहे. चार दिवस पिशवी दारापाशी होती. रोज बसची वेळ झाली की मी तिच्याकडे बघायची आणि निघायची नाही.

सव्वीसला तुझं पत्र आलं. मी काही सांगायच्या आत तू साहेबांसमोर उभी राहिली होतीस, शिडीखाली उभी राहिली होतीस, आणि माझी बेरीज माझ्यापेक्षा चांगली करत होतीस. मी पत्र खाली ठेवलं, साड्या परत कपाटात ठेवल्या, आणि बसून दोन पत्रं लिहिली. एक तुला. दुसरं साहेबांना, त्यात एकच ओळ होती :

खुर्ची रिकामी नाही.

तुझी आत्या